निवृत्तीनंतर मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव : राहिलेल्यांनी आणि परतलेल्यांनीही लिहा

दिवाळीनंतर आम्ही दोघंही नोकरीतून मोकळे होतोय. मी साठीला टेकलोय, ही सत्तावन्नची. तब्येती चांगल्या आहेत, रोज सहा-सात किलोमीटर चालणं होतं. हिला शिकवल्याशिवाय करमत नाही, मला मातीत हात घातल्याशिवाय. ठाण्यातली जागा मुलीकडं सोपवून मराठवाड्यात परतायचं ठरलंय. जिल्ह्याचं शहर नको, अगदी वस्तीही नको. तालुक्याचं गाव हवं. कोकणात का जात नाही, असं सगळे विचारतात. आमची बोली, आमची ज्वारीची भाकरी आणि उरलेली माणसं इकडं आहेत, म्हणून.

देवळं आणि किल्ले आम्हाला ठाऊक आहेत. मे महिन्यातली दुपार कशी जाते, नळ किती दिवसांनी येतो, रात्री दोनला छातीत दुखलं तर कुठं जाता, आणि दोघांपैकी जो कमी बोलका आहे त्याचं तिथं कसं चाललंय, हे लिहा.

अंबाजोगाई, आठवं वर्ष

गाव ह्यांचं. मी साताऱ्याकडची. पहिले सहा महिने ह्यांचे शाळेतले मित्र सकाळ-संध्याकाळ यायचे, मी चहा टाकायचे आणि रात्री मला रडू यायचं. गाव वाईट नव्हतं, गावात माझं असं कुणी नव्हतं. शेजारीण दारातून विचारायची, "काय करायलाव काकू?" त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडं काहीच नसायचं. शेवटी तिच्याच मुलीला दहावीचं गणित शिकवायला घेतलं. आज संध्याकाळी ओट्यावर अकरा मुली असतात. पैसे घेत नाही. त्यांच्या घरून हुरडा येतो, येसर येतो, मी आजारी पडले तर डबा येतो. पहाटे आम्ही चौघी मुकुंदराजांच्या समाधीकडं चालायला जातो. पाहुणे आले की दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट आता मीच सांगते.

पण हे गाव निवडलं ते दवाखान्यामुळं. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, त्यामुळं रात्री-अपरात्री डॉक्टर जागा असतो. त्याच्या भोवती खासगी दवाखाने आणि औषधांची दुकानं वाढली. गाव बालाघाटच्या डोंगरात आहे, उन्हाळ्यातही पहाट जरा निवते. रेल्वेसाठी मात्र परळी गाठावं लागतं, पंचवीसेक किलोमीटर.

तुम्हा दोघांना माझं एकच सांगणं. घर बघायला जोडीनं जाऊ नका. तुमच्या मिसेसना तिथं आठवडाभर एकटीनं राहू द्या. त्यांना चौथ्या दिवशी काय वाटतं ते महत्त्वाचं.

गावाचं नाव लिहीत नाही. आम्ही दोन वर्षांत परत फिरलो

घर आम्ही जानेवारीत पाहिलं. थंडी, हरभऱ्याची शेतं, अंगणात ऊन. जागेवरच विसार दिला. एप्रिलमध्ये नळ आठ दिवसांनी येऊ लागला, मेमध्ये बारा दिवसांनी. बोअर होता, तो मार्चमध्येच आटला होता आणि घर विकणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं. टँकर कधी येईल याची वाट बघत दिवस जायचे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही पुण्यात बसून बातम्यांत पाहिलं होतं. तरी घर घेताना पाण्याचा एकही प्रश्न विचारला नाही. चूक आमचीच.

पाण्याशी जमवून घेतलं असतं. पण दुसऱ्या हिवाळ्यात पहाटे ह्यांना घाम फुटला, डावा हात जड झाला. जवळच्या दवाखान्यात ईसीजी निघाला, हृदयविकाराचा झटका असल्याचं कळलं, पण अँजिओप्लास्टी होते त्या दवाखान्याच्या दारात पोचायला दोन तास चाळीस मिनिटं गेली. हे वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा काही भाग कायमचा कमजोर झालाय. गाव बघायला जाल तेव्हा कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, असलेला दवाखाना किती लांब आहे, ते स्वतः गाडी चालवून मोजा. नकाशावर दिसणारा वेळ आणि खड्ड्यांतून लागणारा वेळ वेगळा असतो.

औसा, मूळचा इथलाच, निवृत्त स्थापत्य अभियंता

जुना वाडा घेण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी औशातच होतो. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. किल्लारीच्या बाजूला माती उपसायला आम्ही गेलो, तिथं जे पाहिलं ते अजून सांगता येत नाही. जाड दगडी भिंती, मधे नुसता मातीचा गारा, वर माळवदाची टनावारी माती. तेच घर उन्हाळ्यात थंड राहतं आणि तेच हादऱ्यात कोसळतं. दगडाचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नसतात, त्यामुळं भिंत मधूनच फुटते.

जुनं घर घ्यायचंच असेल तर आधी छतावरची जादा माती उतरवा. दारा-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना जोडणारा सिमेंट-सळईचा सलग पट्टा आहे का बघा, नसेल तर बांधून घ्या. भिंतीत आरपार जाणारे बंध बसवता येतात. नवं बांधत असाल तर पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या कमी ठेवा, शक्य असेल तर त्या बाजूला जिना किंवा न्हाणीघर घ्या. वरच्या मजल्यावर राहू नका. मेमध्ये तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. आम्ही स्लॅबवर पांढरा चुना मारतो, मोठा फरक पडतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. हजार चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ६५,००० लिटर होतात. वाया जाणारं सोडून पन्नास हजार धरा. जमिनीखाली टाकी बांधली की दोघांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वर्षभर सहज निघतं. पाऊस सगळ्या वर्षी सातशे होत नाही, हेही धरून चाला.

आणि वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसला, या. शेतात कडब्याची कोप, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळं शिवारात असतं. अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. आपण इथं राहू शकतो का, ते त्या दिवशी कळतं.

उदगीर

रेल्वे आहे, म्हणून आलो. लातूर, बीदर, हैदराबाद तिन्हीकडं जाता येतं. २०२२ चं मराठी साहित्य संमेलन इथं झालं तेव्हा आम्ही दोघांनीही स्वयंसेवक म्हणून काम केलं, ओळखी त्यातूनच वाढल्या. एसटीत बायकांना निम्मं तिकीट, ६५ च्या पुढं सगळ्यांना निम्मं, ७५ नंतर मोफत. आम्ही गाडी विकून टाकली. सत्तरी ओलांडली की आयुष्मानचं कार्ड काढून ठेवा, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. मात्र तुमच्या भागातला कोणता दवाखाना त्यात आहे, ते आधी विचारा.

पैठण

आम्ही छत्रपती संभाजीनगरातलं घर ठेवलं आणि पैठणला छोटं घेतलं. अंतर पन्नासेक किलोमीटर. हिवाळा नाथसागराच्या काठावर, दुर्बीण घेऊन. रोहित पक्षी आले की माझी बायको पाचला उठते. उन्हाळ्यात आणि आजारपणात शहर. नाथषष्ठीला घर वारकऱ्यांनी भरतं, ते आम्हाला हवंच असतं. दोन घरं परवडत असतील तर हा मार्ग बघा.

सेलू, पूर्वी बँकेत

मातीत हात घालायचा म्हणता, तर एक सांगतो. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलंय का, फेरफार झालाय का, ते ठाण्यात असतानाच तपासा. माझी दोन वर्षं त्यातच गेली. तोवर घरामागच्या तीन गुंठ्यांत शेवगा, लिंबू आणि भाजी लावली, आणि खरं सांगतो, तेवढं दोघांना पुरतं. परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, बी-बियाणं आणि रोपांसाठी जात असतो.

धागा सुरू करणारे पुन्हा

सगळं दोनदा वाचलं. हिनं आठ वर्षंवाल्या ताईंचा अनुभव मोठ्यानं वाचून दाखवला आणि मला विचारलं, "तुझ्याकडं मित्र येतील, माझ्याकडं कोण?" मला हे सुचलंही नव्हतं.

घर घेणं पुढं ढकललंय. आता पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल ते जून, अंबाजोगाईत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहणार. पहिला आठवडा ही एकटी जाईल. एक जागा दाखवलीय, पण ती दुसऱ्या मजल्यावर आहे आणि दोन्ही खिडक्या पश्चिमेला. औशाच्या दादांचं वाचल्यावर ती नको झाली. योगेश्वरी मंदिराच्या परिसरात कुणाच्या तळमजल्यावर तीन महिन्यांसाठी जागा मिळेल का? नळ कोणत्या वारी येतो तेही कळवा.