राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेची घटना वरूनच बदलली जात असेल, तर जिल्हा शाखेने विरोध कसा नोंदवावा?

विश्रामबाग (प्रश्न)

नमस्कार. देशभरातील महाविद्यालयीन विद्यार्थी प्रतिनिधींना एकत्र आणणाऱ्या एका पक्षविरहित राष्ट्रीय संघटनेच्या सांगली जिल्हा शाखेचे सचिवपद माझ्याकडे आहे. कोणाची बदनामी करायची नसल्यामुळे संघटनेचे नाव देत नाही.

राष्ट्रीय कार्यकारिणीने नव्या घटनेचा मसुदा नुकताच शाखांकडे पाठवला आहे. सध्याच्या घटनेनुसार राष्ट्रीय अध्यक्षाची निवड शाखांचे प्रतिनिधी वार्षिक आमसभेत मतदानाने करतात. मसुद्यात ‘प्रतिनिधींनी निवडलेला’ हे शब्द खोडून ‘निवड समितीने शिफारस केलेला’ असे घातले आहे आणि ती समिती कार्यकारिणीच नेमणार आहे. दरवर्षीची आमसभा जाऊन ‘कार्यकारिणीस आवश्यक वाटेल तेव्हा’ आमसभा, अशी तरतूद आली आहे. राज्य समित्या बरखास्त होऊन त्यांच्या जागी दिल्लीहून नेमलेले समन्वयक येणार आहेत. या सगळ्याला ‘सुसूत्रीकरण’ म्हटले आहे.

मत कळवण्यासाठी एक ऑनलाइन अर्ज दिला असून त्यात दोनच पर्याय आहेत: ‘सहमत’ आणि ‘सूचनांसह सहमत’. असहमतीसाठी रकानाच नाही! आपल्याकडे साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, हे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिथे निदान सभा तरी भरते.

हा विषय आम्हाला एवढा जिव्हाळ्याचा का वाटतो, तेही सांगतो. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा आणल्या, पण 2019 साली जाहीर झालेले वेळापत्रक विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलले गेले आणि त्यानंतर करोना आला. अशा परिस्थितीत जत-आटपाडीकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःचे मत देऊन पदाधिकारी निवडता येईल, अशी जी थोडीफार ठिकाणे उरली होती, त्यांपैकी एक ही संघटना होती.

आमच्या शाखेतील काही जणांचे म्हणणे आहे की सरळ राजीनामे देऊन बाहेर पडावे. मला ते पटत नाही. नियमाला धरून आणि नोंदीवर राहील असा विरोध कसा करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात वकिली करतो आणि संस्था नोंदणीची कामे माझ्याकडे नेहमी येतात. सर्वप्रथम संघटनेची नोंदणी कुठे झाली आहे ते पाहा. महाराष्ट्रात असेल, तर 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाबरोबरच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद असते आणि विश्वस्तांमध्ये बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. त्यावर हरकत घेता येते. दिल्लीत असेल, तर हा मार्ग उपलब्ध नाही. तिथे संस्था निबंधकांकडे अर्ज करावा लागेल.

दुसरे असे की, मसुद्यात संस्थेचे उद्देश बदलले आहेत की फक्त कारभाराचे नियम, हे बारकाईने तपासा. उद्देश बदलायचे असतील, तर 1860 च्या अधिनियमाचे कलम 12 लागू होते: लेखी प्रस्ताव विशेष सभेच्या किमान दहा दिवस आधी सभासदांना पाठवणे, तीन पंचमांश मतांनी तो संमत होणे आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने तो कायम करणे, हे सर्व टप्पे पार पडावे लागतात. केवळ नियम बदलायचे असतील, तर सध्याच्या घटनेत दुरुस्तीचे जे कलम असेल, त्याचप्रमाणे जावे लागेल. दोन्हीपैकी काहीही असले, तरी ऑनलाइन अर्ज म्हणजे सभा नव्हे. शाखेचे पहिले पत्र एवढ्याच मुद्द्यावर असू द्या. अध्यक्ष निवडलेला असावा की शिफारस केलेला, हा वाद त्यात आणूच नका. गुणदोषांवर बोलायला लागलात की ‘तुमच्या सूचना विचारात घेतल्या’ असे उत्तर येते आणि विषय मिटतो.

चर्चेत 1971 च्या दमयंती नारंग खटल्याचा दाखला कोणी दिला, तर सावध राहा. हिंदी साहित्य संमेलनाची रचना संसदेने कायदा करून बदलली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपण ज्यांच्यासोबत संस्था उभी केली, त्यांच्यासोबतच ती चालू ठेवण्याचा हक्क संघटनस्वातंत्र्यात येतो, असे त्यात म्हटले आहे. निकाल मोलाचा आहे, परंतु तो सरकारी हस्तक्षेपाविरुद्धचा आहे. तुमच्यावर बदल लादणारे तुमचेच पदाधिकारी आहेत, त्यामुळे तो येथे जसाच्या तसा लागू होणार नाही.

कृष्णाकाठ

मी कराडचा असून काही वर्षांपूर्वी अशाच एका संघटनेच्या राज्य समितीवर होतो. थोडे उलट बोलतो, राग नसावा. आमच्या समितीच्या बैठकीला गणपूर्ती क्वचितच होत असे, हिशेब वेळेवर जात नसत आणि एकाच जिल्ह्यातील तीच मंडळी आलटून पालटून पदांवर बसत. वरच्यांना सुसूत्रीकरणाची आठवण होते, ती अशा कारभारामुळेच. ‘आमचे अधिकार काढू नका’ एवढेच म्हणालात, तर दिल्लीकर तुमच्याच राज्य समितीची जुनी इतिवृत्ते पुढे टाकतील आणि मग तुम्हाला तोंड उघडता येणार नाही.

म्हणून पर्यायी दुरुस्ती सोबत जोडा. लेखापरीक्षण केंद्रीय पातळीवर व्हावे, शाखांनी वर्गणीचा हिशेब ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावा, सलग दोन बैठकांना गैरहजर राहणाऱ्याचे पद जावे, या गोष्टी खुशाल मान्य करा. समन्वयकही चालेल, पण तो राज्यातील प्रतिनिधींनी निवडलेला असावा. आमसभा मात्र दरवर्षीच हवी. विद्यार्थी संघटनेत दर दोन-तीन वर्षांनी सगळी पिढीच बदलते. दोन वर्षे सभा झाली नाही, तर कार्यकारिणीला जाब विचारण्याआधीच विचारणारे पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात.

मिरज जंक्शन

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. बाहेरच्या देशांतही हेच दिसते. ब्रिटनमधील नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स 1922 पासूनची. तिच्या घटनेत मोठा बदल सुचवला गेला, तेव्हा 2008 च्या वार्षिक परिषदेत आवश्यक दोन तृतीयांश मते थोडक्यात हुकली आणि प्रस्ताव पडला. त्यानंतर विशेष परिषदा बोलावून तो पुन्हा मांडला गेला आणि 2009 च्या सुरुवातीला संमत झाला. यावरून मी एवढेच घेतो की एक मतदान जिंकल्यावर शाखांनी घरी जाऊन झोपू नये.

अमेरिकेतील उदाहरण अधिक बोलके आहे. 1947 साली स्थापन झालेल्या नॅशनल स्टुडंट असोसिएशनला सीआयएकडून गुप्तपणे पैसा मिळत होता, हे 1967 मध्ये एका मासिकामुळे उघड झाले. वरच्या मोजक्या पदाधिकाऱ्यांना ते माहीत होते. महाविद्यालयांतून निवडून येणाऱ्या बहुसंख्य प्रतिनिधींना त्याचा पत्ताही नव्हता. तुमच्या कार्यकारिणीवर असा कोणताही संशय मी घेत नाही. पण जिथे निधी, नेमणुका आणि माहिती या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत जमा होतात, तिथे खालच्यांना काय कळेल हे वरच्यांच्या मर्जीवर राहते. तेव्हा मसुद्यातील निधीविषयक कलमे आधी वाचा. अध्यक्षपदाच्या कलमावर सगळ्यांचेच लक्ष जाते.

विश्रामबाग

सर्वांचे आभार. मिरज जंक्शन, तुमचा अंदाज बरोबर निघाला. देणग्या स्वीकारण्याचा आणि बँक खाते चालवण्याचा अधिकार तीन पदाधिकाऱ्यांकडे देणारे एक पोटकलम परिशिष्टात आहे आणि ते मुख्य मसुद्यात कुठेही आलेले नाही.

शाखेची विशेष बैठक बोलावत आहोत. जत-आटपाडीच्या प्रतिनिधींना शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून ती दुपारीच ठेवली आहे. अजिंक्यतारा साहेब, ठराव व्हॉट्सॲप गटावर घेतला आणि सर्वांनी अंगठा दाखवला, तर चालेल का? काही जणांचा तसा आग्रह आहे.

अजिंक्यतारा

अजिबात नको. ऑनलाइन अर्ज म्हणजे सभा नव्हे, असे तुम्ही दिल्लीला लिहिणार आणि स्वतःचा ठराव अंगठ्यांवर घेणार, हे पहिल्याच उत्तरात तुमच्या तोंडावर मारले जाईल. विषयपत्रिकेसह लेखी सूचना काढा, हजेरीपत्रकावर सह्या घ्या, ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावे असू द्या, विरोधात आणि तटस्थ किती होते तेही इतिवृत्तात लिहा. पत्र ईमेलने पाठवाच, पण स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पोच फाईलला लावा. सातारा आणि कोल्हापूरच्या शाखा तयार असतील, तर त्यांनी स्वतःच्या बैठकीत स्वतंत्र ठराव करावेत. एकाच पत्रावर तिघांच्या सह्या असल्या की ते एकच पत्र धरले जाते.

आणि बैठकीच्या आधी एक काम न चुकता करा. अधिनियमाच्या कलम 15 नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मतदान करता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. शाखेची आणि शाखेतील प्रत्येकाची वर्गणी कुठवर भरली आहे, ते पावत्यांसह तपासा.

विश्रामबाग

शाखेची दोन तिमाह्यांची वर्गणी राहिली आहे. खजिनदारांना आत्ताच फोन केला. उद्या बँक उघडताच रक्कम भरून पावती मागवतो आणि त्यानंतरच बैठकीची सूचना काढतो.