खटला आयांनीच भरला होता

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावात १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने हजारो मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की त्यांच्या आया दरवर्षी ११ जुलैला कबरींपाशी जमतात, बाकी न्यायाचं काम हेगच्या (तिथल्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयाच्या) वकिलांनी केलं. पहिला भाग खरा, दुसरा पटला नाही. मुनिरा सुबाशिच यांचंच बघा. त्या हत्याकांडात नवरा आणि मुलगा गेले, त्या निर्वासित होऊन राजधानी सारायेवोकडे आल्या आणि तिथे आयांची संघटना उभी केली. मुलाची फक्त दोन हाडं मिळाली, तीच पुरली. खुनाचा पुरावा लपवायला प्रेतं बुलडोझरने उकरून दुसरीकडे नेली होती, त्यामुळे एकाच माणसाचे अवशेष दोन-तीन ठिकाणी सापडतात. सापडलं तेवढं पुरायचं की उरलेल्याची वाट बघायची, हे घरच्यांनीच ठरवायचं.

चर्चेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे या आयांनी २००७ मध्ये थेट नेदरलँड्स सरकार आणि संयुक्त राष्ट्रांवर दिवाणी दावा लावला, कारण गावाचं रक्षण करायला संयुक्त राष्ट्रांचे डच शांतिसैनिक तिथे होते. संयुक्त राष्ट्रं कायदेशीर संरक्षणामुळे सुटली. डच सैनिकांनी गावाजवळच्या पोटोचारी इथल्या आपल्या तळातून बाहेर काढलेल्या आणि नंतर मारल्या गेलेल्या सुमारे ३५० पुरुषांपुरती मात्र सरकारची जबाबदारी मान्य झाली. अपील कोर्टाने ती ३० टक्के धरली, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० टक्क्यांवर आणली. का, तर आत राहू दिलं असतं तरी वाचण्याची शक्यता दहा टक्केच होती म्हणे! मला हा हिशेब संतापजनक वाटतो. पण स्वतःच्या शांतिसैनिकांच्या वागण्याबद्दल एखाद्या देशाला त्याच्याच कोर्टात जबाबदार धरायला लावणं सोपं नाही, आणि त्यासाठी या बायका बारा वर्षं लढल्या.