मदत हवी आहे: एअर इंचॉनने जंबो विमानं कशी पेलली?

नमस्कार मंडळी. एअर कार्गोच्या कोर्ससाठी एका कोरियन कंपनीवर प्रेझेंटेशन करतोय आणि एका जागी अडकलोय.

एअर इंचॉन ही 2012 साली स्थापन झालेली, फक्त मालवाहतूक करणारी कंपनी. विमानं बोइंग 737, म्हणजे एका फेरीत साधारण वीस-बावीस टन माल. पुढे कोरियन एअरने एशियाना ही दुसरी कोरियन विमान कंपनी घ्यायचं ठरवलं, तेव्हा युरोपियन कमिशनने अट घातली की एशियानाचा कार्गो विभाग विकावा लागेल. तो घेतला कोणी, तर या चिमुकल्या एअर इंचॉनने! ऑगस्ट 2025 पासून तिचं नाव एअरझेटा झालं आणि ताफ्यात 747-400 (जंबो) मालवाहू विमानं आली. एकेकात शंभर टनांच्या आसपास माल. (मुंगीने हत्ती विकत घेतला म्हणा ना.)

माझे प्रश्न: 737 च्या वैमानिकाला 747 साठी वेगळं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान चालवण्याची परवानगी) लागतं, हे माहीत आहे, पण लोडमास्टर (विमानात माल भरण्याची जबाबदारी असणारे) आणि मेंटेनन्सवाल्यांचं काय? शिवाय नाकाचा दरवाजा (विमानाचं नाक वर उचलून लांब माल पुढून आत घेण्यासाठीचा) फक्त कारखान्यातूनच मालवाहू म्हणून निघालेल्या 747 ला असतो, प्रवासी विमानातून बदललेल्याला नसतो. मग लांबलचक नग आला की बुकिंगवाले विमान कसं ठरवतात?

कार्गोत काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. सादरीकरण सोमवारी आहे.