मदत हवी आहे: आंबा-चक्क्याचं थरांचं गोड, वरचा थर घसरतो आणि पाणी सुटतं

अर्धीवाटी
ओव्हन न लावता करायचं आहे. ७ इंची, सुट्या बुडाचा टीन. खाली मारी बिस्किटांचा थर, मध्ये चक्का-क्रीम-आमरस, वर नुसत्या आमरसाची चकचकीत जेली. रविवारी १२ जणांसाठी हवं आहे. त्यात चौघं पक्के शाकाहारी, म्हणजे जिलेटिन बाद. दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा फसलं.

पहिल्यांदा: मारी १५० ग्रॅम, बटर ५० ग्रॅम. फ्रिजमधला चक्का ४०० ग्रॅम, फ्रेश क्रीम २०० मिली, हापूसचा रस २०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम. चायना ग्रासच्या (अगर-अगर, समुद्री शेवाळापासूनचं शाकाहारी जिलेटिन) पट्ट्या १० ग्रॅम, १५० मिली पाण्यात उकळून ओतल्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी वरचा थर ओतला आणि लवकर व्हावं म्हणून तासभर फ्रीझरमध्ये. मधल्या थरात शेवयांसारखे तुकडे निघाले. सुरी लावली तर वरची जेली अख्खी चकती होऊन ताटलीत घसरली. तळाचा भुगा. अर्ध्या तासाने ताटलीत पाणी.

दुसऱ्यांदा: घरच्यांपुरतं जिलेटिन वापरून, वर आंब्याऐवजी ताजा अननस किसून. आठ तासांनीही वरचा थर पातळच, आणि खालचा चक्का कडवट.

कुठे काय चुकतंय?

ताकभात
अननसाचं आधी सांगते, ते सोपं आहे. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ब्रोमेलेन. जिलेटिन म्हणजे प्रथिनच, त्यामुळे आठ तास काय, आठ दिवस ठेवलं तरी गोठणार नाही. किवी आणि पपईचंही तेच. डब्यातला अननस चालतो, कारण तो डबाबंद करताना तापवलेला असतो. ताजाच हवा असेल तर बारीक फोडी साखरेत घालून ५ मिनिटं चांगल्या उकळवा आणि गार करून घ्या.

चायना ग्रास प्रथिन नाही, त्याला अननस काही करत नाही. पण चक्का आहेच ना! कच्चा अननस चक्क्याला टेकला की तिथली प्रथिनं तुटतात, तोच तुमचा कडवटपणा. म्हणजे चायना ग्रास असलं तरी अननस शिजवायचाच.

पुरणयंत्र
शेवया थंड चक्क्यामुळे झाल्या. चायना ग्रास उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि ३५ ते ४० अंशांवर गोठतं, म्हणजे ओट्यावर ठेवल्या ठेवल्यासुद्धा. एकदा गोठलं की ८५ अंशांच्या आसपास नेल्याशिवाय परत वितळत नाही. उकळतं पाणी फ्रिजमधल्या चक्क्यावर पडलं की पडल्या जागी गोठतं. मग कितीही फेटा, शेवयांचे फक्त तुकडे होतात.

तुमच्याच मापांचा हिशोब मांडून बघा. १५० मिली उकळतं द्रावण, २०० ग्रॅम रस आणि ७०० ग्रॅम चक्का-क्रीम-साखर. चक्का-क्रीम ५ अंशांवर असेल तर रस ५० अंशांवर तापवलेला असूनही सगळं मिळून २६ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे ढवळतानाच गोठणार. तोच चक्का-क्रीम खोलीच्या तापमानाला, २८ अंशांवर असेल तर मिश्रण ४१-४२ वर राहतं. टीनमध्ये ओतून सपाट करायला जेमतेम वेळ मिळतो, पण मिळतो. म्हणून टीन, पळी, उलथणं सगळं हाताशी ठेवूनच गॅस लावा.

असं करा:

चक्का आणि क्रीम दीड-दोन तास आधी बाहेर काढा. चक्का साखर घालून पुरणयंत्रातून काढा (आयडी बघून हसू नका, श्रीखंडासाठी करतो तेच). क्रीम त्यातच मिसळा, फेटू नका. साध्या फ्रेश क्रीमच्या पाकिटात २५ टक्के स्निग्धांश असतो, ते फुलत नाही. फुलवत बसलात तर लोणी सुटेल.

चायना ग्रासची पावडर घ्या, पट्ट्या नको. पट्ट्या वजनाने जवळजवळ दुप्पट लागतात आणि नीट विरघळल्या का ते कळत नाही. मधल्या थराला दीड चहाचा चमचा सपाट, साधारण ४ ग्रॅम. पावडर आधी थंड पाण्यात ५ मिनिटं भिजवा, मग ढवळत उकळी आणा आणि मंद आचेवर २ मिनिटं ठेवा. चमचा बुडवून उलटा धरा. त्यावर कण दिसले तर अजून एक मिनिट. दिसले नाहीत तर २०० ग्रॅम रस दुसऱ्या पातेल्यात ५० अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला कडकडीत लागेल इतपत तापवा आणि द्रावण त्यात ओता. मग हे सगळं बारीक धारेने चक्क्यात, एका हाताने सतत ढवळत. रस उकळू नका, हापूसचा वास जातो.

खात्री नसेल तर उकळलेलं द्रावण तापवलेल्या रसात मिसळल्यावर त्यातलं चमचाभर थंड स्टीलच्या ताटलीवर टाका. दोन मिनिटांत थरथरतं गोठलं पाहिजे. पातेल्यातच गोठलं तर परत तापवता येतं, ही चायना ग्रासची मोठी सोय.

वरणफळ
वरचा थर घसरला, कारण खालचा रात्रभर फ्रिजमध्ये राहून गुळगुळीत झाला आणि त्यावर दव धरलं. गोठलेलं चायना ग्रास नव्या थराच्या उष्णतेने वितळत नाही, मग दोघं चिकटणार कशाने?

मधला थर ओतल्यावर टीन ओट्यावरच ठेवा. १५-२० मिनिटांनी किंचित तिरका करून बघा. पृष्ठभाग हलत नाही, बोट लावलं तर चिकटतं पण बोटाबरोबर उचलून येत नाही, ती वेळ. वरच्या थराला पाऊण चमचा पावडर १०० मिली पाण्यात उकळून, खोलीच्या तापमानाच्या २०० ग्रॅम रसात. ते ५० अंशांच्या आसपास येतं. पळी उलटी धरून तिच्या पाठीवरून ओता, नाहीतर धार मधल्या थरात खड्डा पाडते.

वेळ चुकून थर पक्का झालाच तर दव टिशूने टिपा, काट्याने अगदी वरवर चरे ओढा आणि मग ओता.

आणि फ्रीझर विसरा. बर्फाचे स्फटिक चायना ग्रासची जाळी फोडतात, पाणी मोकळं होतं. ताटलीतलं पाणी बहुधा तिथूनच. चक्का ओला असणं हेही एक कारण असतं. दही मलमलीत बांधून फ्रिजमध्ये निदान ८ तास टांगा; एक किलो दह्याचा ४००-४५० ग्रॅम चक्का झाला तर ठीक, ६०० भरला तर अजून लटकू दे.

तळाबद्दल: मारीत मुळात तूपतेल कमी, म्हणून १५० ग्रॅमला ७५-८० ग्रॅम बटर लागतं. डायजेस्टिव्ह असती तर ६५-७० पुरतं. चुरा रव्यापेक्षा जाड ठेवा. पीठ केलंत तर तळ फरशीसारखा होतो. मुठीत दाबला की मुटका व्हावा, टिचकीने फुटावा. सपाट वाटीने दाबा, कडेला जास्त, मग अर्धा तास फ्रिजमध्ये.

अर्धीवाटी
थंड चक्का हे डोक्यातच नव्हतं! अजून दोन शंका. हापूस संपत आलाय, पायरी चालेल का? आणि वर फोडी लावायच्या आहेत.

पुरणयंत्र
पायरी चालेल. रस पातळ असतो, म्हणून गाळून घ्या आणि दोन्ही द्रावणांतलं पाणी २०-३० मिलीने कमी करा. पावडर तेवढीच. डब्यातला रस घेतलात तर तो बहुतेक वेळा गोड केलेला असतो, साखर ६० ग्रॅमवर आणा. लिंबू पिळायचं असेल तर गॅस बंद केल्यावरच. आंबटात उकळलं की चायना ग्रास ढिलं पडतं.

ताकभात
फोडींना साखर लावू नका, तासाभरात पाणी सोडतील. कोरड्या करून, वाढायच्या आधीच वर मांडा. टीनच्या कडेला आतून ओएचपी शीटची (पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाची) पट्टी लावलीत तर बाजूचे थर स्वच्छ दिसतात. शनिवारी संध्याकाळी करून फ्रिजमध्ये झाकून ठेवा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून दर कापाला पुसायची.

वरणफळ
आणि झाकण थेट टीनवर नको, टीनच्या तोंडावर टिशू पसरून मग झाकण. नाहीतर रात्रभराचं दव त्या चकचकीत जेलीवर टपकेल.