सल्ला हवा: कारखान्याच्या आयटी विभागाची जबाबदारी आली आहे, सुरुवात कुठून करू?

सह्याद्रीवासी

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत आहे. दोन प्लांट, एक चाकणला आणि दुसरा वाळूजला. आजवर ईआरपी (बिलं, हिशेब, स्टॉक सांभाळणारं कंपनीचं मुख्य सॉफ्टवेअर) सपोर्ट बघायचो. आमचे आयटी हेड नोकरी सोडून गेले आणि ती जागा मला मिळाली. टीम लहान आहे: नेटवर्क, हार्डवेअर, ईआरपीची दोन मुलं आणि वाळूजला एक कंत्राटी माणूस.

तांत्रिक कामाची धास्ती नाही, बाकीच्याची आहे. डायरेक्टर साहेबांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "आयटीवर एवढा खर्च होतो, मिळतं काय?" ईआरपीचा व्हेंडर म्हणतोय की मार्चअखेर सही केलीत तर क्लाउडवर जायला मोठी सूट देतो. टीममधले नेटवर्कचे सीनियर माझ्या आधीपासून कंपनीत आहेत आणि ही जागा त्यांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. त्यात फेब्रुवारीत बजेट मांडायचंय.

या खुर्चीत बसलेल्यांनी कृपया सांगावं, आधी कशाला हात घालू?

---

जुना_नेटवर्कवाला

मनापासून अभिनंदन. नाशिकला अंबड-सातपूर पट्ट्यात याच खुर्चीत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

बजेट आणि क्लाउड थोडे बाजूला ठेवा. आधी तुमचा बॅकअप परत येतो का ते बघा. "बॅकअप सक्सेसफुल" असा मेल रोज सकाळी येतो म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. एका शनिवारी संध्याकाळी वेगळं मशीन घ्या, नेटवर्कपासून तोडा, त्यावर गेल्या आठवड्याचा ईआरपीचा बॅकअप चढवा. घड्याळ लावून बसा. डेटाबेस वर आला म्हणून थांबू नका. अकाउंट्सच्या एखाद्याला बोलावून त्या आठवड्यातलं एक इनव्हॉइस उघडायला सांगा, त्याचा प्रिंट काढा, स्टॉकचा आकडा स्टोअरच्या रजिस्टरशी ताडून बघा. सुरुवातीपासून प्रिंट हातात येईपर्यंत जितके तास लागले, तो आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी बोलणी या आकड्यावर होणार आहेत. हा कागद असलेल्या कंपन्या मी फार थोड्या पाहिल्या.

दुसरं, एक तरी प्रत तारेने कशालाही जोडलेली नको. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा सायबर हल्ला आला तेव्हा मर्स्कसारख्या जहाज कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. आपल्या न्हावाशेव्यात त्यांच्याच समूहाचं टर्मिनल आहे, तिथलंही काम अडलं होतं. त्यांच्या डोमेन कंट्रोलरच्या (कोणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरच्या) जगभर प्रती होत्या, पण त्या एकमेकींशी सतत जुळवून घेत असल्यामुळे सगळ्या एकदमच गेल्या. घानातली एक तेवढी वाचली, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. दोन प्लांटमध्ये एकमेकांची कॉपी ठेवून निश्चिंत झालेल्या प्रत्येकाला मी हे सांगत असतो.

तिसरं काम किरकोळ दिसतं, पण तेच गळ्याशी येतं. कंपनीचं डोमेन (वेबसाइट-मेलचा पत्ता) कोणाच्या ईमेलवर रजिस्टर आहे? सोडून गेलेल्या माणसाच्या वैयक्तिक मेलवर तर नाही ना? फायरवॉलचा अ‍ॅडमिन पासवर्ड तुमच्याकडे आहे की फक्त व्हेंडरच्या इंजिनिअरकडे? वेबसाइटचं एसएसएल सुरक्षा सर्टिफिकेट, लायसन्स आणि एएमसी (वार्षिक देखभाल करार) कधी संपतात? यूपीएसच्या बॅटऱ्या कोणत्या साली बदलल्या? हे सगळं एका शीटमध्ये आणा. हेड नुकतेच गेलेत, म्हणजे त्यांचे किती अ‍ॅक्सेस अजून चालू आहेत तेही लगेच बघा.

---

ताळेबंद

मी आयटीतली नाही, फायनान्समध्ये आहे आणि दर वर्षी आयटीचं बजेट माझ्या टेबलावर येतं. म्हणून फक्त डायरेक्टरांच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

"मिळतं काय" याला अपटाइम (सिस्टिम चालू असण्याचा वेळ) ९९ पूर्णांक अमुक टक्के असं उत्तर देऊ नका, त्यांना त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडे जाऊन दोनच गोष्टी विचारा: सिस्टिम बंद पडली तर तुमचं काम किती वेळ निभतं, आणि त्यानंतर काय अडतं? उत्तरं फार वेगवेगळी येतील. एचआर म्हणेल दोन दिवस चालतं, फक्त पगाराचा आठवडा सोडून. डिस्पॅचवाला म्हणेल एक तास. त्याचं म्हणणं खरंही आहे. जीएसटीचं ई-इनव्हॉइस लागू असलेल्या कंपनीला आयआरएनशिवाय (सरकारी पोर्टलवरून मिळणाऱ्या बिलाच्या नंबराशिवाय) बिल करता येत नाही, म्हणजे भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो, तिकडे गिऱ्हाइकाची लाइन थांबते आणि त्याची डेबिट नोट (नुकसानीची वसुली) आपल्याकडे येते. मागच्या अशा डेबिट नोटा अकाउंट्समध्ये मिळतील, त्यातले खरे आकडे घ्या. पोर्टलवरून हाताने आयआरएन काढता येतो. पण रात्रपाळीच्या डिस्पॅच क्लार्कला तो काढता येतो का, हे विचारून ठेवा.

मग वर नेटवर्कवाल्या काकांनी सांगितलेले रिस्टोअरचे (बॅकअप परत चढवण्याचे) तास आणि डिस्पॅचचा हा एक तास शेजारी शेजारी मांडा. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढा तुमचा बजेटचा मुद्दा. असा कागद समोर आला की मी त्यावर सहसा प्रश्न विचारत नाही.

बजेट तीन भागांत मांडा: चालू ठेवण्याचा खर्च, कायद्याने लागणारा खर्च, आणि नवीन. मधला भाग लोक विसरतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणी काय बदललं याची नोंद) ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे आणि आमचे ऑडिटर तो बंद करता येतो का हे तपासून बघतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे भरून तीन वर्षांपर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यांची किंमत दरवर्षी दुप्पट होते. म्हणजे "या वर्षी राहू द्या" म्हणण्याचीही किंमत आहे आणि ती तुम्हाला आकड्यात दाखवता येते.

आणि एक कळकळीची विनंती. कुठलीही नवी सिस्टिम मंथ-एंडला, मार्चमध्ये किंवा दसरा-दिवाळीच्या तोंडावर चालू करू नका. अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेटवाल्यांनी १९९९ च्या जुलैत नवी ईआरपी सुरू केली आणि हॅलोवीनच्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवू शकले नाहीत. माल गोदामात होता, सिस्टिममधून निघत नव्हता.

---

लीड्सकर

ताळेबंद ताईंना अनुमोदन. व्हेंडर देतोय त्या सवलतीवरून आमच्याकडचं, ब्रिटनमधलं उदाहरण देतो.

टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहक जुन्या सिस्टिमवरून नव्यावर नेले. सोमवारी लोकांना स्वतःचे पैसे दिसेनात, सव्वादोन लाखांवर तक्रारी आल्या, घडी नीट बसायला डिसेंबर उजाडला. दोन डेटा सेंटर होती आणि लोड टेस्ट (पूर्ण भार पेलतो का याची चाचणी) एकाच ठिकाणी झाली होती. २०२२ मध्ये बँकेला ४.८६५ कोटी पाउंडांचा दंड झाला. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या सीआयओला (आयटी प्रमुखाला) व्यक्तिशः ८१,६२० पाउंड दंड झाला. सिस्टिम उभारणाऱ्या कंपनीने "आम्ही तयार आहोत" असं पत्र दिलं होतं. त्या पत्रात तिच्या खालच्या पुरवठादारांबद्दल प्रत्यक्ष तपासणी कमी आणि अपेक्षाच जास्त होत्या. सीआयओने ते खोलात जाऊन तपासलं नाही, असा नियामकांचा ठपका होता.

भारतात तुमच्या कंपनीला ब्रिटनमधल्या बँकांचा हा नियम लागू नाही. पण सही करण्याआधी व्हेंडरला विचारायचे प्रश्न तेच आहेत. तुमच्याखाली आणखी कोण काम करतं? आमच्याएवढ्या भाराची टेस्ट कुठे केलीत, आकडे दाखवा. उद्या आम्ही सोडून गेलो तर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशात परत द्याल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात लेखी नसेल तर सूट कितीही असो, सही करू नका. मार्चअखेर त्याचं टार्गेट संपतं, तुमची गरज नाही. सूट एप्रिलमध्येही मिळते.

---

सह्याद्रीवासी

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. डोमेन खरोखरच जुन्या हेडच्या जीमेलवर निघालं. त्यांना फोन केला, ते बदलून देतायत. रिस्टोअरसाठी पुढचा शनिवार ठरवलाय.

दोन गोष्टी अजून अडल्यात. एक, सीनियर सहकाऱ्यांशी बोलायचं कसं? ते कामात चोख आहेत, पण सध्या माझ्याशी मोजकंच बोलतात. दुसरं, वाळूजला सीएमएम मशीनला (पार्टची अचूक मापं घेणाऱ्या मशीनला) जोडलेला जुन्या विंडोज एक्सपीचा संगणक आहे. ऑडिटर म्हणतो काढा, प्रॉडक्शन म्हणतं हात लावू नका.

---

प्राजक्ता_म

पहिल्याचं सांगते. मी अशा प्रसंगात दोन्ही बाजूंना राहिलेय.

आजवर त्यांना "सर" म्हणत असाल तर तेच म्हणत राहा. एकदा त्यांना घेऊन कंपनीबाहेर चहाला बसा आणि विषय तुम्हीच काढा. "ही जागा तुम्हाला मिळेल असं मलाही वाटत होतं", हे स्पष्ट बोला. ते मनात ठेवलंत तर वर्षभर प्रत्येक बैठकीत ते तुमच्या दोघांमध्ये येऊन बसेल. समजूत घालायला जाऊ नका आणि पुढच्या बढतीचं आश्वासन तर अजिबात देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. हातात आहे ते द्या. नेटवर्कचे निर्णय पूर्ण त्यांचे, त्यातली खरेदीही त्यांच्या शिफारशीने, आणि डायरेक्टरांपुढे नेटवर्कचा भाग ते स्वतः मांडतील. त्यांनी ठरवलेलं तुम्ही मागून बदलत नाही, हे दोन-तीनदा दिसलं की बोलणं आपोआप वाढतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: रात्रीचे फोन कोण घेतं ते बघा. लहान टीममध्ये हे ओझं बहुतेक एकाच माणसावर पडलेलं असतं, बऱ्याचदा सगळ्यात गरीब स्वभावाच्या. आठवड्याची पाळी लावा, त्यात स्वतःचंही नाव घाला, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा द्या. गणपतीच्या सुट्ट्यांचं दोन महिने आधी ठरवा. आणि वाळूजच्या कंत्राटी मुलाला महिन्यातून एकदा चाकणला बोलवा. तिथे तो एकटा पडलेला असणार आणि त्या प्लांटचं खरं चित्र त्यालाच माहीत असणार.

किती तिकिटं (आयटीकडे नोंदवलेल्या तक्रारी) बंद केली यावर माणसाचं अप्रेझल करू नका. तेच बारकोड प्रिंटरचं तिकीट दर आठवड्याला बंद करणारा पुढे दिसतो आणि प्रिंटरचा हेड बदलून तो त्रास कायमचा संपवणारा मागे पडतो. महिन्याच्या शेवटी टीमबरोबर बसून सारखी येणारी तिकिटं वाचा. त्यातलं एक मुळापासून संपवायचं, एवढंच त्या महिन्याचं ध्येय ठेवा.

---

वाळूज_मेंटेनन्स

एक्सपीबद्दल. प्रॉडक्शनचं चूक नाही, त्या सीएमएमचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि कंपनीकडून अपग्रेड घ्यायचं तर कंट्रोलरच बदलायला लावतात. आमच्याकडे असं केलंय: मशीन वेगळ्या व्हीलॅनवर (बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कवर), इंटरनेट बंद, यूएसबी बंद. रिपोर्ट फक्त एका ठरलेल्या संगणकावर जातो. हार्डडिस्कची पूर्ण इमेज घेतली आणि तशीच चालणारी दुसरी डिस्क कपाटात ठेवली. ती लावून मशीन चालू होतं हे एका रविवारी करून बघितलं. ऑडिटरला हे लेखी दिलं, त्याने मान्य केलं. आयटीवाल्यांनी शॉप फ्लोअरवर येऊन आधी मशीन बघावं एवढीच विनंती, नुसत्या मेलवर हे होत नाही.

---

जुना_नेटवर्कवाला

वाळूजकरांनी नेमकं सांगितलं. माझ्याकडून एक राहिलं होतं.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (सिस्टिमच्या नोंदी) १८० दिवस भारतात ठेवावे लागतात. हा आदेश तुमच्यासारख्या कंपन्यांनाही आहे. तुमच्या फायरवॉलचे लॉग किती दिवसांत पुसले जातात ते आजच बघा. बऱ्याच ठिकाणी डिस्क लहान असल्याने महिनाभरही टिकत नाहीत. रात्री दोनला हल्ला लक्षात आला तर कोण कोणाला उठवणार, रिपोर्ट कोण पाठवणार, प्लांटची लाइन तोडायचा अधिकार कोणाला, हे नावानिशी ठरवून डायरेक्टरांची सही घ्या.

आणि ती यादी सर्व्हरवर ठेवू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा ते एकेक करून हाताने उघडावे लागले. त्यासाठी लागणाऱ्या बिटलॉकरच्या (डिस्कच्या कुलपाच्या) किल्ल्या काही ठिकाणी बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या. फोन नंबर, किल्ल्या, अ‍ॅडमिन पासवर्ड छापून दोन सीलबंद पाकिटांत घाला. एक चाकणच्या तिजोरीत, एक वाळूजच्या. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलायचं, ते काम कोणाचं हे पाकिटावरच लिहा.

शनिवारी किती तास लागले ते इथे जरूर कळवा. ईआरपी कोणती आणि डेटाबेस किती मोठा तेही लिहा, म्हणजे तास कमी कसे करायचे ते सांगता येईल.