सिंगापूर ते न्यूयॉर्क नक्की किती लांब, आणि किती तास?

खिडकीची_सीट:
लोकहो, बहीण पुढच्या महिन्यात सिंगापूरच्या चांगीवरून न्यूयॉर्कच्या जेएफकेला चाललीये, नॉनस्टॉप. किती लांब आहे ते आईला सांगायचं म्हणून नेटवर बघायला गेले तर एका साईटवर १५,३४९ आणि दुसरीवर ८,२८८, बरं वेळ दोन्हीकडे १७ तासांच्या आसपास आणि तिकिटावर मात्र १८ तास ४० मिनिटं. वर तेच तिकीट म्हणतंय दुपारी १२:३० ला सुटून त्याच दिवशी संध्याकाळी ७:१० ला पोचणार! डोकं पार भंजाळलंय.

गणिताचा_तास:
आकडे दोन्ही बरोबर आहेत हो. पहिला किमी, दुसरा नॉटिकल मैल. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, गुणून बघा. घड्याळाचं म्हणाल तर अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे असतं (थंडीत १३), म्हणजे दिसणारे ६ तास ४० मिनिटं अधिक १२, झाले की तुमचे १८:४०.

रात्रीचं_विमान:
त्या साईटी अंतराला ताशी ९०० किमीच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि मोकळ्या होतात. अंतर तरी कुठलं, तर पृथ्वीच्या गोलावर दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरला की येतं ते. घरी गोल असेल तर करून बघाच, दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो. पण विमान तसं जातंच असं नाही, बऱ्याचदा ते जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून जातं, कारण तिथे वर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि वारा पाठीशी मिळतो, किमी वाढले तरी वेळ वाचतो. मी एकदा समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशोबाने वेग) बघत बसलो होतो, ताशी ११०० किमीच्या वर गेलेला! इंजिनाने काही जास्त जोर लावलेला नसतो, अख्खी हवाच विमानाला घेऊन पळत असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान असंच न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

आणि तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, रनवेकडे रांगेत सरकण्यात गेलेला वेळही त्यातच.

खिडकीची_सीट:
मग येताना उलटा वारा, म्हणजे अजून उशीर?

रात्रीचं_विमान:
तीच तर गंमत आहे, येताना बऱ्याचदा अटलांटिक ओलांडून युरोपच्या बाजूने येतात, म्हणजे परत पूर्वेकडेच. जाऊन येऊन पृथ्वीप्रदक्षिणा!

उगाच_एक_शंका:
नॉनस्टॉपच आहे ना पण? नुसतं डायरेक्ट लिहिलेलं असेल तर मधे कुठेतरी उतरू शकतं, फ्लाईट नंबर तोच राहतो.

खिडकीची_सीट:
नॉनस्टॉपच, आत्ताच परत बघितलं. आईला प्रदक्षिणेचं फार आवडलं, पण आता तिचं सुरू झालंय की एवढे तास बसून पाय सुजतील. त्यासाठी वेगळा धागा काढते.