रिकव्हरी चालू असतानाच देखरेखीची स्क्रिप्ट डेटाबेस पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करते: मांडणी कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

एका संस्थेची सभासद-नोंदणी आणि पावत्यांची प्रणाली मी सांभाळते. तिच्यामागे डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वर चालणारा पोस्टग्रेसक्यूएल १५ या डेटाबेसचा एकच सर्व्हर आहे. यंत्राला १६ जीबी मेमरी आहे, आणि रात्री किंवा सुटीच्या दिवशी त्याच्याकडे पाहणारे माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही. म्हणून सर्व्हर बंद पडलाच तर तो आपोआप उठावा अशी सोय मी दोन वर्षांपूर्वी केली होती. गेल्या महिनाअखेरीस त्या सोयीमुळेच आठ मिनिटांची अडचण पाऊण तासावर गेली. ती आता दुरुस्त करावी की मुळातून नव्याने मांडावी, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. (आज्ञा आणि लॉगमधील ओळी देवनागरीत लिहिल्या आहेत, मूळ नावे आपल्या लक्षात येतीलच.)

सध्याची मांडणी अशी आहे. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि पीएसक्यूएलने (डेटाबेसला क्वेरी देणारे साधन) 'सिलेक्ट १' ही क्वेरी करून पाहते. उत्तर आले नाही तर ती एका फाइलमधील आकडा एकने वाढवते. आकडा तीनवर गेला की सिस्टमसीटीएल रीस्टार्ट (सर्व्हिस पुन्हा सुरू करण्याची आज्ञा) देते आणि आकडा पुन्हा शून्यावर आणते. साधी गोष्ट आहे, आणि बराच काळ तिने त्रास दिला नव्हता.

त्या रात्री महिनाअखेरचा अहवाल चालू असताना यंत्राची मेमरी संपली आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) पोस्टग्रेसची एक चाइल्ड प्रोसेस (मुख्य प्रोसेसने सुरू केलेली उप-प्रोसेस) मारली. लॉगमध्ये 'सर्व्हर प्रोसेस वॉज टर्मिनेटेड बाय सिग्नल ९' ही ओळ स्पष्ट आहे. तिच्यापाठोपाठ मुख्य प्रोसेसने बाकीच्या सगळ्या जोडण्या तोडल्या आणि स्वतःहूनच रिकव्हरी (विदा पुन्हा सुसंगत करण्याचे काम) सुरू केली, म्हणजे इथपर्यंत सर्व्हर आपले काम बरोबर करत होता. चेकपॉइंटचा (बदल मुख्य फाइलींत पक्के लिहिण्याचा) अवधी मी ३० मिनिटांपर्यंत वाढवलेला असल्यामुळे त्याला बराच वॉल (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) पुन्हा वाचून लावायचा होता. 'रीडू इन प्रोग्रेस, इलॅप्स्ड टाइम' ही ओळ दर १० सेकंदांनी लॉगमध्ये येते. ती १० पासून चढत चढत १५० पर्यंत गेली आणि तिथे तुटली, कारण माझ्या स्क्रिप्टचे तीन अपयशी प्रयत्न पूर्ण झाले होते आणि तिने सर्व्हर रीस्टार्ट केला. मग पुन्हा १०, २०, ३०, आणि १७० ला पुन्हा रीस्टार्ट. दर तीन मिनिटांनी रिकव्हरी पहिल्यापासून सुरू होत होती आणि एकदाही शेवटाला पोहोचत नव्हती. मी जागी होऊन क्रॉनमधील ती ओळ बंद केली, तेव्हा कुठे तेच काम आठ मिनिटांत पूर्ण झाले. विदा सुखरूप राहिली, पण लॉगमधील तो चढता-उतरता आकडा मी अजून विसरू शकलेले नाही.

त्यानंतर ही जबाबदारी सिस्टमडीकडे (सर्व्हिस सुरू-बंद करणारा लिनक्सचा भाग) द्यावी असे ठरवले. चाचणीच्या यंत्रावर 'सिस्टमसीटीएल एडिट पोस्टग्रेसक्यूएल' करून 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' ही ओळ घातली आणि मुख्य प्रोसेसला किल -९ (प्रोसेस तत्काळ मारण्याची आज्ञा) दिले. काहीच झाले नाही. सर्व्हर बंदच राहिला आणि सिस्टमसीटीएल स्टेटस मात्र 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' असे हिरव्या अक्षरांत दाखवत राहिले. याचा अर्थ मला लागलेला नाही.

तेव्हा मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सिस्टमडीची ही ओळ का लागू होत नाही? सर्व्हर मेला आहे की रिकव्हरीत आहे, हा फरक बाहेरून खात्रीने कसा ओळखावा? आणि प्रोसेस जिवंत आहे पण उत्तर देत नाही, अशा वेळी आपोआप रीस्टार्ट करणे योग्य आहे का? तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे स्वतःचे मत अजून बनलेले नाही.

प्रतिसाद १

आपण लॉग इतक्या बारकाईने वाचला आहे की निदान जवळजवळ आपणच केलेले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. डेबियनमध्ये 'पोस्टग्रेसक्यूएल' या नावाची सर्व्हिस ही केवळ छत्री आहे. तिची स्वतःची आज्ञा म्हणजे नुसते 'ट्रू'. ती क्षणात संपते, म्हणून 'एक्झिटेड' दिसते. खरा सर्व्हर 'पोस्टग्रेसक्यूएल@१५-मेन' या युनिटखाली (सिस्टमडीकडील सर्व्हिसची नोंद) चालतो, त्यामुळे एडिट त्याचे करावे लागेल. मूळ युनिट फाइलही एकदा उघडून वाचा. रीस्टार्टची ओळ तिथे मुद्दाम बंद ठेवलेली आहे आणि शेजारी कारणही दिले आहे: ती चालू केली तर पीजी_सीटीएलक्लस्टरने (डेबियनची सर्व्हर सुरू-बंद करण्याची आज्ञा) सर्व्हर बंद करण्यात अडथळा येतो, शिवाय बहुतेक बिघाडांतून मुख्य प्रोसेस स्वतःच सावरते. माझ्या मते आपल्यासारख्या एकट्या सर्व्हरसाठी ती ओळ चालू करण्यात गैर नाही, मात्र त्यानंतर सर्व्हर थांबवायचा झाला तर तो सिस्टमसीटीएलनेच थांबवण्याची शिस्त पाळावी.

नुसती ती ओळ घालून भागणार नाही. दोन प्रयत्नांमधील अंतर सिस्टमडी मुळात १०० मिलिसेकंद धरते. डेटाबेससाठी ते फारच थोडे आहे, म्हणून 'रीस्टार्टसेक' १० सेकंद ठेवा. त्याहून महत्त्वाची आहे ती प्रयत्नांची मर्यादा. 'स्टार्टलिमिटबर्स्ट' ३ आणि 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक' ६०० असे युनिटच्या विभागात लिहिले, तर दहा मिनिटांत तीनदा सुरू होऊनही सर्व्हर टिकला नाही की सिस्टमडी हात आखडता घेते आणि सर्व्हिस 'फेल्ड' अवस्थेत जाते. 'ऑनफेल्युअर' वापरून निरोप पाठवणारे युनिट जोडायचे ते इथेच, कारण रीस्टार्ट चालू असलेली सर्व्हिस ही मर्यादा संपल्यावरच त्या अवस्थेत पोहोचते. आपल्या स्क्रिप्टमध्ये नेमकी हीच मर्यादा नव्हती. डिस्क भरली असती आणि वॉल लिहिता न आल्यामुळे सर्व्हर पॅनिक होऊन पडला असता, तर आपली स्क्रिप्ट सकाळपर्यंत त्याला उठवत राहिली असती. अशा वेळी रीस्टार्टचा काही उपयोग नसतो, आधी जागा करून द्यावी लागते. ती करताना पीजी_वॉलमधील (वॉल ठेवण्याच्या फोल्डरमधील) फाइली हाताने पुसण्याचा मोह कृपया कधीही होऊ देऊ नका.

सुरू होण्याच्या मुदतीकडेही लक्ष द्या. सिस्टमडीची मूळ मुदत ९० सेकंद असते आणि पॅकेजने ती बदललेली असू शकते, म्हणून 'सिस्टमसीटीएल शो' करून 'टाइमआउटस्टार्ट'चा आकडा पाहा. तो आपल्या आठ मिनिटांहून कमी निघाला, तर क्रॉनच्या जागी सिस्टमडीच तोच घोळ घालेल.

दुसऱ्या प्रश्नासाठी पीजी_इझरेडी हे तपासणीचे साधन आहे. त्याच्या एक्झिट कोडमध्येच (संपताना परत दिलेल्या आकड्यात) आपल्याला हवा तो फरक आहे: ० म्हणजे सर्व्हर जोडण्या घेतो आहे, १ म्हणजे तो जिवंत आहे पण सध्या जोडणी नाकारतो आहे, आणि २ म्हणजे काहीच उत्तर नाही. रिकव्हरीत कोड १ मिळतो. 'सिलेक्ट १' ला हा फरक कळत नाही, आणि तिची आणखी एक खोड आहे. जोडण्यांची कमाल संख्या भरली की ती क्वेरीही अपयशी ठरते, म्हणजे सर्व्हर धडधाकट असून केवळ गर्दीत आहे म्हणून आपण त्याला पाडतो. पीजी_इझरेडी अशा गर्दीतही ० देते.

तिसऱ्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: आपोआप रीस्टार्ट करू नये. पीजी_इझरेडी मुळात तीनच सेकंद वाट पाहते, त्यामुळे यंत्रावर फार ताण असेल तर जिवंत सर्व्हरचाही कोड २ येऊ शकतो. प्रोसेस मेली तर ते सिस्टमडीला तत्काळ आणि निश्चितपणे कळते. उत्तर न येण्याची कारणे मात्र दहा असतात, आणि त्यांतील बहुतेकांवर रीस्टार्ट हा उपाय नसतो. उलट तपासायच्या खुणा त्याने पुसल्या जातात. स्क्रिप्ट ठेवा, तिच्याकडून निरोप घ्या, पण रीस्टार्टचा अधिकार तिच्याकडून काढून घ्या.

प्रतिसाद २

वरील सर्व योग्यच आहे, पण मेमरी का संपली हा प्रश्न मागे राहू नये. आपल्याकडे वर्क_मेम (क्वेरीच्या कामासाठीची मेमरीची मर्यादा) किती आहे? ही मर्यादा प्रत्येक जोडणीला नसून क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशच्या टप्प्याला लागते, आणि समांतर वर्करांपैकी प्रत्येक जण ती वेगळी वापरतो. शिवाय आवृत्ती १५ पासून हॅशच्या टप्प्यांना मुळातच दुप्पट मेमरी घेता येते. कधी काळी एखादा अहवाल वेगाने व्हावा म्हणून हा आकडा सगळ्यांसाठी वाढवला असेल, तर तो मूळच्या ४ एमबीच्या आसपास खाली आणा आणि अहवाल चालवणाऱ्या रोललाच (डेटाबेसच्या वापरकर्त्यालाच) 'ऑल्टर रोल'ने जास्त मर्यादा द्या. यंत्र केवळ डेटाबेससाठी असेल, तर व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी (आहे त्याहून जास्त मेमरी देऊ करण्याबाबतची कर्नलची सेटिंग) २ करण्याचाही विचार करावा. मग मेमरी संपल्यावर त्या एका क्वेरीला त्रुटी मिळते आणि बाकी सर्व्हर चालू राहतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. छत्रीची गोष्ट कळल्यावर चाचणीच्या यंत्रावर सगळे नव्याने लावले आणि काल संध्याकाळी तपासले.

आधी एका चाइल्ड प्रोसेसला किल -९ दिले. सिस्टमडी जागची हललीही नाही, मुख्य प्रोसेसने स्वतःच रिकव्हरी केली आणि तेवढा वेळ पीजी_इझरेडी १ दाखवत राहिले. मग मुख्य प्रोसेसला मारले. दहा सेकंदांनी सर्व्हर उठला. दुसऱ्यांदा मारल्यावरही उठला. तिसऱ्यांदा मात्र 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' ही ओळ आली, सर्व्हिस 'फेल्ड' झाली आणि माझ्या फोनवर निरोप आला. मर्यादा तीनची असताना दोनच रीस्टार्ट का झाले, हे आधी कळेना. चाचणीच्या सुरुवातीला मी स्वतः दिलेली स्टार्ट आज्ञाही त्या तीनांत मोजली गेली होती. अशी मर्यादा लावणाऱ्या इतरांनी हे लक्षात ठेवावे, आणि त्यानंतर सर्व्हर हाताने सुरू करण्यापूर्वी 'रीसेट-फेल्ड' (ही अपयशाची मोजणी पुसणारी आज्ञा) द्यावे. 'टाइमआउटस्टार्ट'चा आकडाही तपासून घेतला आहे.

स्क्रिप्ट आता काहीच रीस्टार्ट करत नाही. कोड १ सलग १५ मिनिटे राहिला किंवा कोड २ सलग तीनदा आला, तर ती मला निरोप पाठवते. 'सिलेक्ट १' वेगळी ठेवली आहे; ती अपयशी ठरली तर केवळ नोंद होते.

वर्क_मेमबद्दलचा अंदाज अगदी बरोबर निघाला. तो २५६ एमबी होता, आणि फाइलमधील टिपणीवरून दिसते की याच अहवालासाठी तो मीच वाढवला होता. रोलपुरता बदल चाचणीच्या यंत्रावर लावून तोच अहवाल चालवला. तो पूर्ण झाला आणि मेमरी निम्म्याहून अधिक मोकळी राहिली. मुख्य यंत्रावर हे सगळे शनिवारी रात्री लावणार आहे. ओव्हरकमिटचा बदल तेवढा त्या दिवशी करणार नाही, कारण त्याच यंत्रावर बॅकअपची एक जुनी प्रोसेस चालते आणि ती किती मेमरी राखून ठेवते हे आधी मोजायचे आहे.